कामाची दखल कशी घ्यायची: टीम सांभाळणाऱ्यांसाठी, भोसरीच्या शॉप फ्लोअरवरून

राजीनाम्याच्या अर्जात कारणाच्या रकान्यात आमच्याकडे दोनच गोष्टी लिहिलेल्या सापडतात: 'घरगुती अडचण' नाहीतर 'वैयक्तिक कारण'. काही वर्षांपूर्वी आमचा एक चांगला सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर असाच 'घरगुती अडचण' लिहून गेला आणि महिनाभरात दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या कंपनीत कामाला लागला. टेल्को रोडवरच्या चहाच्या टपरीवर भेटला, तेव्हा मी सरळ विचारलं. पगार हजारभर रुपयांनी जास्त मिळाला होता, ते त्याने लपवलं नाही. पण पुढे म्हणाला, "साहेब, चार वर्षांत तुम्ही माझ्या मशीनपाशी रिजेक्शन झालं तेव्हाच आलात."

त्याचं बोलणं खरं होतं. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं प्रॉडक्शन बघतो. तीन शिफ्ट, ७० च्या आसपास माणसं. दिवसातून दोनदा मी सगळ्या शेडमधून फेरी मारायचो, पण थांबायचो फक्त लाल बिनपाशी, म्हणजे जिथे खराब झालेले जॉब (मशीनवर घडवायचे सुटे भाग) टाकतात तिथे. दिवसाला दोनशे जॉब बरोबर काढणाऱ्या माणसाशी माझी भेट व्हायची ती त्याच्या तीन चुकलेल्या जॉबमुळे.

त्या टपरीवरच्या बोलण्यानंतर जे एकेक करत बदललं ते इथे क्रमाने लिहितो. शॉप फ्लोअर असो की हिंजवडीतलं ऑफिस, दुकान असो की दवाखाना, हाताखाली चार माणसं असली तरी यातलं बरंच लागू पडेल. क्रम मात्र मोडू नका. पहिली पायरी गाळून तिसरीवर गेलात तर लोकांना ते नाटक वाटेल.

पहिली पायरी: जिथे टोचतं ते आधी काढा

ज्याच्या पगारात दर महिन्याला ओटीचे (ओव्हरटाइमचे) दोन तास कमी लागतात, त्याला तुम्ही पाठीवर थाप मारून 'शाब्बास' म्हटलं तर ते चिडवल्यासारखं वाटतं. म्हणून सुरुवात कौतुकापासून करू नका, पगाराच्या स्लिपपासून करा.

एक दुपार काढा. वेगवेगळ्या कामांवरच्या पाच जणांना विचारून त्यांच्या पगाराच्या स्लिपा घ्या आणि त्यांच्या शेजारी बसून स्वतः वाचा. हजेरी, ओटी, पीएफ, कपाती. मला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सापडल्या: रात्रपाळीचा भत्ता एकाला चार महिने लागला नव्हता, एकाचं पीएफमधलं नाव आधार कार्डाशी जुळत नव्हतं, आणि एका कपातीचा अर्थ अकाउंट्समध्येही कोणाला सांगता आला नाही. या तिघांपैकी कोणीही तक्रार केली नव्हती. 'विचारून काय उपयोग' हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

पगाराची तारीख पाळा. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानेच हजारपेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणी पगार ७ तारखेच्या आत व्हायला हवा असं सांगितलं होतं, त्यामुळे हे काही उपकाराचं काम नाही. तरी छोट्या युनिटमध्ये कस्टमरचं पेमेंट अडकतं आणि पगार लांबतो, हे भोसरीत सगळ्यांना माहीत आहे. आमच्यावर एकदा ती वेळ आली. मालकांनी ५ तारखेलाच सगळ्यांना एकत्र बोलावलं, पगार १२ ला होईल म्हणून सांगितलं, आणि पुढे विचारलं, "ज्यांचा घराचा किंवा गाडीचा हप्ता १२ च्या आधी आहे, त्यांनी आजच सांगा." नऊ हात वर झाले. त्या नऊ जणांना हप्त्यापुरते पैसे दुसऱ्या दिवशी मिळाले. चेक बाउन्स झाला की बँक दंड लावते आणि घरात बायकोसमोर मान खाली जाते. हे आधीच लक्षात घेणाऱ्या मालकाला माणसं विसरत नाहीत.

मग जागेकडे बघा. पाण्याचा कूलर चालू आहे का, संडासाला कडी आहे का, डबा खायला पंख्याखाली जागा आहे का. उभं राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय करा, असं १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं. किती ठिकाणी स्टूल दिसतात ते तुम्हीच बघा. आमच्याकडे इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी दोन उंच स्टूल ठेवायला दहा मिनिटं लागली. ते ठेवायचे हे सुचायला मात्र मला कितीतरी वर्षं लागली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

या पायरीला महिना द्या. या महिन्यात कोणाचंही भाषण करून कौतुक करू नका.

दुसरी पायरी: नाव, 'अहो', आणि वीस मिनिटं

सगळ्यांची नावं पाठ करा. आडनावं चालणार नाहीत, नावं हवीत. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना आपल्याकडे सर्रास 'ए ट्रेनी' नाहीतर 'ए भैया' म्हणून हाक मारली जाते. बिहारचा असो की बीडचा, आईवडिलांनी नाव ठेवलेलं असतं. नीट उच्चारायला जमत नसेल तर त्यालाच दोनदा विचारा, त्याला राग येणार नाही.

आणि मराठीत आणखी एक गोष्ट आहे, जी व्यवस्थापनावरच्या पुस्तकांत सापडायची नाही: अरे-तुरे. पंचविशीतला इंजिनियर पन्नाशीच्या सेटरला (मशीन कामासाठी लावून देणाऱ्या कारागिराला) 'अरे, ते फिक्स्चर लाव' म्हणतो, आणि तोच इंजिनियर मालकांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला 'तुम्ही' म्हणतो. सेटर काही बोलत नाही, पण दोन्ही ऐकतो. आमच्याकडे नियम केला: वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहो, मग तो कुठल्याही ग्रेडचा असो. नवीन इंजिनियरला पहिल्या दिवशी सेफ्टी शूजबरोबर हा नियमही मिळतो. एकमेकांत मैत्रीने अरे-तुरे चालतं, तिथे मी पडत नाही. त्याचप्रमाणे ज्या मीटिंगला ऑपरेटर बसलेत ती मराठीत किंवा हिंदीत घ्या. माणसाच्या मशीनबद्दल त्याच्यासमोर त्याला न समजणाऱ्या भाषेत बोलणं म्हणजे तो तिथे नाहीच असं वागणं.

आता वीस मिनिटं. रोज, फोन केबिनमध्ये ठेवून, एकाच मशीनपाशी उभं राहायचं. जॉब चढवल्यापासून उतरवेपर्यंतची अख्खी सायकल बघायची, मध्ये बोलायचं नाही. नंतर एकच प्रश्न: "इथे तुम्हाला सगळ्यात जास्त काय नडतं?" उत्तर खिशातल्या वहीत तारखेसकट लिहायचं, त्याच्यासमोर. सल्ला द्यायचा नाही. पहिले आठ दिवस लोक बिचकतील, 'काही नाही साहेब, सगळं ठीक' म्हणतील. नवव्या-दहाव्या दिवशी कोणीतरी बोलतं. मला पहिलं खरं उत्तर मिळालं ते असं की बोअर डायल गेज (भोकाचं माप घ्यायचं उपकरण) दुसऱ्या टोकाच्या कपाटात असतो आणि प्रत्येक पाचव्या जॉबला तिथपर्यंत चालत जावं लागतं. आम्ही त्या माणसाच्या 'स्पीड'वर तीन मीटिंगा घेतल्या होत्या.

सत्तर माणसं असतील तर एक फेरी पूर्ण व्हायला तीन महिने जातात. जाऊ द्या.

तिसरी पायरी: कौतुक करा, पण बघितलेल्या गोष्टीचं

'छान काम केलं', 'कीप इट अप', 'टीमने जीव ओतला' ही वाक्यं कोणालाही कधीही म्हणता येतात, म्हणून ती कोणालाच लागत नाहीत. वाक्यात दोन गोष्टी हव्यात: तुम्ही काय पाहिलं, आणि त्यामुळे काय झालं. नमुने देतो (पहिल्यातला ऑफसेट म्हणजे हत्याराच्या मापासाठी मशीनमध्ये भरलेला आकडा).

"काल रात्री तुम्ही शिफ्ट सोडताना ऑफसेट बदलल्याची चिठ्ठी पॅनलला लावलीत. सकाळच्या माणसाने पहिलाच जॉब ओके काढला."

"त्या नवीन पोराला तुम्ही मायक्रोमीटर कसा धरायचा ते दोनदा दाखवलंत, मी बघितलं. त्याचं रीडिंग आता बरोबर यायला लागलंय."

"कस्टमरचा फोन आला तेव्हा तू आकडा फुगवला नाहीस, शनिवारी होणार नाही म्हणालास. त्यांनी त्याप्रमाणे त्यांचा प्लॅन बदलला."

हे चोवीस तासांत सांगा, आणि शक्यतो त्या माणसाच्या जागेवर जाऊन. केबिनमध्ये बोलावलं की अर्धं शेड समजतं, याला शिव्या पडणार आहेत. सगळ्यांसमोर कौतुक झालेलं प्रत्येकाला आवडतं असंही नाही. आमच्या एका ताई तर टाळ्या वाजल्या की दोन दिवस कोणाशी नीट बोलत नाहीत. त्यांना मी मशीनपाशी हळूच सांगतो. त्यांच्यासारख्यांसाठी आणखी एक रस्ता आहे, घरचा. त्यांच्या मुलाला दहावीत चांगले मार्क पडले तेव्हा पेढे घेऊन तो कंपनीत आला होता. त्याच्याकडे मी एवढंच बोललो, "तुझी आई नसती तर आमचा एक कस्टमर गेला असता," आणि कसा ते सांगितलं.

आभाराने खरंच फरक पडतो का, असं आमच्या मालकांनी मला विचारलं होतं. मी त्यांना एक अभ्यास सांगितला, अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो या दोन संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे ४१ जण होते. त्यातल्या एका गटाला वरिष्ठ बाई प्रत्यक्ष भेटायला आल्या आणि तुमच्या कामाबद्दल आभारी आहे एवढं म्हणाल्या. दुसऱ्या गटाकडे कोणी गेलं नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटाने केलेले फोन पन्नास टक्क्यांहून जास्त वाढले, दुसऱ्यांचे होते तेवढेच राहिले. माझ्या शेडमध्ये मी असं काही मोजलेलं नाही. पण शिफ्ट बदलताना चिठ्ठी लावणारे आधी एकच जण होते, ती सवय बाकीच्यांनाही लागली, ती मी चिठ्ठीबद्दल बोलायला लागल्यावर.

'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' आम्ही बंद केलं. सहा-सात महिन्यांत ते आळीपाळीने द्यायची वेळ आली आणि फोटोच्या चौकटीकडे कोणी बघेनासं झालं. तुमच्याकडे चांगलं चाललं असेल तर चालू द्या, पण गेल्या तीन महिन्यांचा मान कोणाला आणि नेमका कशाबद्दल मिळाला ते एखाद्या ऑपरेटरला विचारून बघा.

चौथी पायरी: विचारलंत तर उत्तर द्या

पुण्यातल्या बहुतेक कारखान्यांत कायझेनचा, म्हणजे कामातल्या छोट्या छोट्या सुधारणांचा, बोर्ड असतो, सूचनापेटी असते. आमची पेटी मी एकदा उघडली तेव्हा आत चौदा चिठ्ठ्या होत्या, सगळ्यात जुनी दीड वर्षापूर्वीची. त्यातली एक रात्रपाळीला गेटवर दिवा लावा म्हणून होती. ती लिहिणारा कंपनी सोडून गेला होता.

आता पद्धत अशी आहे. सूचना आली की सात दिवसांत त्या माणसाला तोंडी उत्तर मिळतं. तीनच उत्तरं चालतात: 'करतोय, अमुक तारखेपर्यंत'; 'करणार नाही, कारण हे'; किंवा 'माहिती कमी आहे, चला, जागेवर जाऊन बघू या'. 'बघू' एवढं नुसतं उत्तर चालत नाही. 'नाही'ची भीती बाळगू नका. कूलंटचा (मशीनवरचं काम थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) नवीन टँक हवा ही मागणी मी तीनदा नाकारली, प्रत्येक वेळी कोटेशनचा आकडा दाखवून. मागणाऱ्याने चौथ्यांदा जुनाच टँक कमी खर्चात सुधारायचा उपाय आणला. नुसतं 'बघू' म्हटलं असतं तर तो दुसऱ्या वेळीच थांबला असता.

सूचना अमलात आली तर कायझेन शीटवर पहिलं नाव त्या माणसाचं. आपल्याकडे तिथे सुपरवायझरचं नाव येतं, कारण शीट त्याने भरलेली असते. हा अन्याय फार जुना आहे आणि एका पेनाने दुरुस्त होतो.

व्यवस्थापन शिकवताना हॉथॉर्नची गोष्ट हमखास सांगतात. अमेरिकेत शिकागोजवळ सिसेरो इथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. लक्ष दिलं की माणसं जास्त काम करतात, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्या आकड्यांवर बरेच आक्षेपही घेतले. मला त्यातला वेगळाच तपशील अस्वस्थ करतो. टेलिफोनचे रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) जोडणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवलं होतं, विश्रांतीच्या वेळांबद्दल त्यांचं मत विचारलं जात होतं. आणि त्यांतल्याच दोघींना, फार बोलतात आणि ऐकत नाहीत म्हणून, १९२८ च्या सुरुवातीला तिथून काढून दुसऱ्या दोघींना बसवलं गेलं. मत मागायचं आणि मत देणाऱ्यालाच बाजूला करायचं, हे उरलेल्या तिघींनी बघितलंच असणार. तुमच्या मीटिंगमध्ये अडचणीचं बोलणाऱ्या माणसाचं पुढे काय होतं, ते बाकीचे असंच बघत असतात.

पाचवी पायरी: चूक झाल्यावर तुम्ही कसे वागता

इथे मला जरा थांबून लिहावं लागेल, कारण चार महिन्यांची कमाई इथे चार मिनिटांत जाते.

आमच्याकडे एक ज्येष्ठ सेटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ४० मिलिमीटरचं बोअर (भोक), मापात २५ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाची, मुभा, माल न्यायला गाडी गेटवर उभी. काकांनी मशीन बंद करून ठेवलं. म्हणाले, आवाज बदललाय. मी शेवटचे पाच जॉब मोजले, पाचही ओके. मी सगळ्यांसमोर आवाज चढवला, "आवाज काय ऐकताय काका, गेज काय म्हणतोय ते बघा. तिकडे कस्टमरची लाइन थांबेल आपल्यामुळे." काकांनी हात पुसले आणि बाजूला उभे राहिले. मशीन चालू करायला सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही सांगताय म्हणून करतो, पण वहीत लिहा."

पुढचे सहा जॉब झाले. सातवा मापाबाहेर. मेंटेनन्सवाल्याने जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर उघडलं तेव्हा हायड्रॉलिक लाइनच्या एका सीलमधून तेल पाझरत होतं. क्लॅम्पचा दाब हळूहळू उतरत होता आणि जॉब केसाएवढा हलत होता. गेजला ते कळायच्या आधी काकांच्या कानाला कळलं होतं.

संध्याकाळी मी काकांना केबिनमध्ये बोलावून माफी मागितली. ते "असू द्या" म्हणाले आणि गेले. रात्री घरी गेल्यावर लक्षात आलं की मी ओरडलो होतो वीस जणांसमोर, आणि माफी मागितली होती दार लावून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये तेच वीस जण असताना मी सांगितलं, "काल काका बरोबर होते, मी चुकलो. आवाज बदलला म्हणून कोणी मशीन थांबवलं तर इथून पुढे त्याला कोणी बोलणार नाही, मीसुद्धा नाही." काका काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी दुपारी ते नवीन ऑपरेटरला मशीनला कान लावून काहीतरी दाखवत होते.

यातून जी पद्धत बसली ती अशी. चूक सांगायची ती एकट्याला. तुमची स्वतःची चूक मात्र जिथे केलीत तिथेच, त्याच लोकांसमोर कबूल करायची. चूक विचारताना 'कोणी केलं' याच्या आधी 'कसं झालं' विचारायचं. आणि ज्याने स्वतःहून येऊन 'माझ्याकडून खराब झालं' सांगितलं, त्याला त्या जॉबबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. लपवलेला एक खराब जॉब कस्टमरकडे गेला तर अख्खी लॉट परत येते. हे गणित मालकांना लगेच पटतं.

सहावी पायरी: श्रेय वरपर्यंत पोचवा

ही सोपी आहे, तरी मधली माणसं इथेच हात आखडतात. मालकांना मेल करताना नाव लिहा: 'सायकल टाइम ४० सेकंदांनी कमी झाला, कल्पना दुसऱ्या शिफ्टच्या अमुक यांची.' कस्टमरचं ऑडिट असेल तेव्हा ज्याचं मशीन त्यालाच समजावू द्या. आमचे ऑपरेटर मराठीत सांगतात, मी शेजारी उभं राहून इंग्रजीत सांगतो. ऑडिटर प्रश्न विचारताना माझ्याकडे बघतात तेव्हा मी हाताने ऑपरेटरकडे दाखवतो. माझं महत्त्व कमी झालं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

सुट्टी: जत्रेचं कॅलेंडर

याला पायरी म्हणत नाही, पण पुण्यात हे जमलं नाही तर बाकीचं फिकं पडतं. आमच्याकडची निम्मी माणसं लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडची. गावची जत्रा, पेरणी, आषाढी वारी, बहिणीचं लग्न: यांपैकी एकही गोष्ट अचानक येत नाही. तरी दर वर्षी 'अचानक सुट्टी मागतात' म्हणून आम्ही ओरडत होतो.

आता जानेवारीत एक मोठा कागद भिंतीवर लागतो. प्रत्येकाने वर्षातली आपली एक न हलणारी तारीख त्यावर लिहायची. बहुतेक जत्रा चैत्र-वैशाखात येतात, बिहारच्या पोरांची छठ दिवाळीनंतर सहा दिवसांनी असते. एकाच मशीनवरच्या दोघांच्या तारखा एकत्र आल्या तर ते दोघं आपसांत मिटवतात, मला विचारत नाहीत. ती तारीख मग मोडायची नाही, कस्टमरची कितीही घाई असली तरी. गेल्या काही वर्षांत मी ती एकदाच मोडली. ज्याची मोडली त्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांशी बोलून आलो.

ज्यांची नावं हजेरीपटावर वेगळ्या रंगात असतात

कॉन्ट्रॅक्टवरची पोरं, हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले. एके वर्षी दिवाळीला पर्मनंट लोकांना अर्धा किलो मिठाई आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांना पाव किलो दिली गेली. वाचले किती, तर काही हजार. ते छोटे बॉक्स घेऊन पोरं गेटमधून बाहेर पडली तेव्हा त्यांनी ते पिशवीत खाली लपवले होते. तेव्हापासून बॉक्स एकच. चहाचा कप एकच, डबा खायची जागा एकच, सेफ्टी शूजची कंपनीही एकच. पगारातला फरक माझ्या हातात नाही, पण कप माझ्या हातात आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीन धुतात, झेंडूच्या माळा लागतात, नारळ फुटतो. पूजेला मालक-मालकीणबाई बसायची रीत होती. दोन वर्षांपूर्वी मालकांनीच सुचवलं की दर वर्षी शेडमधल्या एका जोडप्याला बसवू. पहिल्या वर्षी मावशी आणि त्यांचे मिस्टर बसले. मावशींनी काठपदराची साडी नेसली होती, आणि आरतीचं तबक फिरवताना त्या रोज पुसतात त्याच मशीनपाशी थांबून त्याला हळद-कुंकू वाहत होत्या. 'हे नऊ नंबरचं,' असं त्या मिस्टरांना सांगत होत्या. त्यांना सगळ्या मशीनचे नंबर पाठ होते, हे मला त्या दिवशी कळलं.

ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी

माझी बहीण हिंजवडीत टीम लीड आहे. तिच्याकडे लाल बिन नसतं, पण ती म्हणते, रात्री साडेअकराचा मेसेज हेच आमचं लाल बिन. तिने तीन नियम केले आणि सहा महिने पाळले. रात्री आठनंतर मेसेज लिहायचा तर सकाळी नऊला जाईल असा लावून ठेवायचा. खरंच आग लागली असेल तर मेसेज नाही, फोन करायचा. क्लायंटच्या कॉलवर ज्याने काम केलं त्यानेच दाखवायचं, अगदी इंग्रजी अडखळलं तरी. आणि अप्रेझलला वर्षभर थांबायचं नाही: दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास, त्यात कामाच्या यादीबद्दल बोलायचं नाही. पावसाळ्यात वाकडच्या पुलापाशी दीड तास अडकून आलेल्या माणसाला नऊच्या मीटिंगमध्ये 'आज पण लेट?' असं न विचारणं, हा चौथा नियम ती न लिहिता पाळते.

शेवटची पायरी: जाणाऱ्याला नीट पाठवा

माणूस सोडून जाताना तुम्ही कसे वागता, हे राहिलेली सगळी माणसं बघतात. राजीनामा दिल्यावर एक महिना त्याच्याशी तुटक वागणं, पैसे अडवणं, अनुभवाच्या पत्रासाठी चार चकरा मारायला लावणं, हे आपल्याकडे फार चालतं. २०१९ च्या वेतन संहितेत सोडलेल्या माणसाचा पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायला सांगितलंय. ग्रॅच्युइटीचं गणितही त्याला आधीच कागदावर मांडून द्या: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. आकडा त्याला स्वतःला काढता आला की कोणी फसवेल ही भीती जाते.

शेवटच्या दिवशी पाकीट आणि पत्र दोन्ही तयार ठेवा आणि गेटपर्यंत सोडायला स्वतः जा. कारण विचारायचं असेल तर त्या दिवशी नका विचारू, दोन महिन्यांनी चहाला बोलवा.

काका निवृत्त झाले तेव्हा शेवटचे तीन महिने त्यांना प्रॉडक्शनचं टार्गेट दिलं नाही. दोन पोरं त्यांच्याबरोबर लावली. काकांकडे सेटिंगची एक वही होती, तेलाचे डाग पडलेली, प्रत्येक फिक्स्चरच्या खोडी त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेल्या. आम्ही तिचं पान न् पान झेरॉक्स केलं, वर त्यांचं नाव टाकून बाइंड केलं आणि एकेक प्रत प्रत्येक सेलमध्ये (मशीनच्या गटात) ठेवली. मूळ वही त्यांना परत दिली. क्लॅम्पच्या त्या सीलची नोंद एकशे बाराव्या पानावर आहे, तारखेसकट. माझं नाव त्यांनी तिथे लिहिलेलं नाही.